पिकलबॉल : जोर आणि ताबा यांचे गणित

नवशिक्या खेळाडू चेंडू जोरात मारतो, चेंडू कोर्टाबाहेर जातो आणि शेजारून सल्ला मिळतो, "हळू मार." तो हळू मारू लागतो. चेंडू आत पडतो खरा, पण समोरचा तो आरामात परतवतो. मग जोर आणि ताबा यांपैकी एकच काय ते मिळणार, अशी त्याची समजूत होते. कित्येकांची ती पुढे कायम राहते. ही समजूत कितपत खरी आहे, हे अकरावीच्या भौतिकीने तपासता येते.

हा खेळ १९६५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर सुरू झाला. जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्या मंडळींसाठी बॅडमिंटनच्या कोर्टावर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू वापरून तो मांडला. आजही कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरीएवढेच असते : ४४ फूट लांब (१३.४ मीटर) आणि २० फूट रुंद (६.१ मीटर). जाळी मात्र बरीच खाली असते, मध्यभागी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंमी. मुंबई-पुण्यातही आता ही कोर्टे दिसू लागली आहेत.

चेंडूचे वजन सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या निम्म्याहूनही कमी, आणि आकार मात्र त्याच्याहून थोडा मोठा. हलका आणि मोठा चेंडू म्हटला की हवेचा रोध आलाच. आमच्या हिशेबाने ताशी ७० किमी वेगाच्या चेंडूवर हवेचा रोध त्याच्या वजनापेक्षाही जास्त असतो. शिवाय चेंडू उसळतोही कमी. नियमाप्रमाणे ७८ इंचांवरून ग्रॅनाइटवर सोडला, तर तो ३० ते ३४ इंचच वर यायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, खेळाडूने मागच्या रेषेवरून, जमिनीपासून ७५ सेंमी उंचीवर चेंडू मारला. तो जाळीवरून १ मीटर उंचीने जावा आणि पलीकडच्या मागच्या रेषेवर बरोबर पडावा. हवेचा रोध सध्या वगळू. या तीन बिंदूंतून एकच अन्वस्त जातो. म्हणून वेगही एकच निघतो : ताशी सुमारे ६८ किमी, आडव्या रेषेशी ७.४ अंशांचा कोन करून. चेंडू जाळीवरून १.४६ मीटर उंचीने, म्हणजे जाळीच्या ६० सेंमी वरून काढायचे ठरवले, तर वेग ताशी ५३ किमीपर्यंत उतरवावा लागतो. हवेचा रोध धरला, तर दोन्ही आकडे थोडे वाढतील, पण त्यांतला फरक उरतोच. थोडक्यात, चेंडू जितका खालून न्याल तितका जोर लावण्याची मुभा अधिक.

पण खालून नेण्यात धोका किती? वरचा पहिला फटका घ्या. त्याचा वेग तोच ठेवून कोन फक्त १ अंशाने वाढवला, तर चेंडू जवळजवळ १ मीटर पुढे पडतो. वेग ५ टक्क्यांनी वाढला तरी चूक तेवढीच. उलट, दिशा डावी-उजवीकडे १ अंशाने चुकली, तर चेंडू अवघा २३ सेंमी सरकतो. म्हणजे वर-खाली झालेली चूक बाजूच्या चुकीच्या चौपट महाग पडते. आमच्या मते या खेळाच्या शिकवणीत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे.

तिचा उपयोग असा. खाली आलेला चेंडू मारताना पॅडलचे तोंड जमिनीकडे लोंबलेले असते. अशा वेळी मनगटाने झटका दिला, की पॅडलचा पृष्ठभाग वर-खाली फिरतो. तो सेकंदाला ५०० अंश या वेगाने फिरत असेल आणि चेंडू सेकंदाच्या शंभराव्या भागाने उशिरा भेटला, तर कोन ५ अंशांनी चुकणार. चेंडू कोर्टाबाहेर! तोच जोर कमरेपासून धड वळवून आणला, तर पॅडल उभ्या अक्षाभोवती फिरते आणि तीच ५ अंशांची चूक बाजूची होते. चेंडू १ मीटर २० सेंमीच्या आसपास सरकतो. मध्यावर नेम धरला असेल, तर ६.१ मीटर रुंदीच्या कोर्टात तो आतच राहतो. म्हणून जोर पाय, कंबर आणि खांदे यांतून घ्यावा, मनगट स्थिर ठेवावे. स्थिर म्हणजे आवळलेले नव्हे. पॅडल आणि चेंडू यांचा स्पर्श काही सहस्रांश सेकंदच टिकतो. तेवढ्यात मूठ आवळून फारसे काही हाती लागत नाही. उलट हात ताठरतो, वेग कमी होतो आणि कोपर दुखू लागते ते वेगळेच.

जड पॅडलने जोर वाढतो का? ढोबळ हिशेबाने २२० ग्रॅमचे पॅडल २५० ग्रॅमचे केले, तर २५ ग्रॅमच्या चेंडूला मिळणारा वेग जेमतेम १ टक्क्याने वाढतो, तोही हात तितक्याच वेगाने फिरला तर! पॅडलच्या वेगाचे तसे नाही. समजा, स्थिर पॅडलवर आदळलेला चेंडू आपल्या वेगाच्या ०.४ पट वेगाने परततो. मग हलत्या पॅडलसाठी परतीचा वेग = ०.४ × येणाऱ्या चेंडूचा वेग + १.४ × पॅडलचा वेग. दोन्ही वेग सेकंदाला १० मीटर असतील, तर चेंडू १८ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ६५ किमीने परततो. यातला ४ मीटरचा वाटा प्रतिस्पर्ध्याने फुकट दिलेला असतो. म्हणून जोरदार आलेल्या चेंडूला लांब झोका नकोच.

याहून अधिक वेग हवा असेल, तर चेंडू लवकर खाली आणणारे दुसरे काहीतरी हवे. ते काम फिरकी करते. पॅडलचा पृष्ठभाग जवळजवळ उभा ठेवून ते खालून वर घासत नेले, की चेंडूची वरची बाजू पुढे धावते. अशा फिरत्या चेंडूमुळे हवा वरच्या दिशेला वळते आणि चेंडूला खाली ढकलते. हाच मॅग्नस परिणाम. समजा, हे बल चेंडूच्या वजनाच्या निम्मे आहे. मग गुरुत्वाकर्षण जणू दीडपट झाले. पहिल्याच मार्गावरून जाताना वेग दीडच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२२ पट चालतो : ताशी ६८ऐवजी ८३ किमी. जाळीवरची उंची तीच, पडण्याची जागा तीच!

चेंडू जाळीजवळ आणि खांद्याच्या वर आला, की हे बंधन सैल होते, कारण तो सरळ खाली मारता येतो. नियमांनी मात्र येथेही जोराला वेसण घातली आहे. जाळीपासून ७ फुटांच्या पट्ट्यात, ज्याला खेळाडू 'किचन' म्हणतात, उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही.

वर्गात करून पाहायचे तर आलेखाच्या कागदावर कोर्ट काढावे आणि मारण्याची उंची ७५ऐवजी ४० सेंमी घ्यावी. जाळीवरची १ मीटर उंची आणि पडण्याची जागा तीच ठेवून वेग किती उरतो, हे विद्यार्थ्यांनीच काढावे.