फळा वाचा, धंदा वाचवा

मोहम्मद अली रोड ते भेंडी बाजार : मोहल्ल्यातील सूचना आणि आपला रोजगार

जुम्याची नमाज संपली की मशिदीच्या दाराशी एकच गर्दी होते. चपला शोधता शोधता माणसे फळ्यावर नजर टाकतात. मय्यत कोणाची, निकाह कोणाचा, एवढे पाहिले की पाय दुकानाकडे वळतात. त्याच फळ्याच्या कोपऱ्यात टाचणीने लावलेला एक कागद असतो. कधी तो इमारतीच्या तपासणीचा असतो, कधी फेरीवाल्यांच्या नोंदणीचा, कधी कारागिरांच्या कर्जाचा. त्यावर एक शेवटची तारीख असते. ती निघून गेल्यावर आपण म्हणतो, "आम्हाला कोणी सांगितलेच नाही."

सांगितलेले असते. आपण वाचलेले नसते. मुंबईतील मोहम्मद अली रोड, पायधुणी, नळ बाजार, भेंडी बाजार आणि डोंगरी या पट्ट्यात रोजचा व्यवहार आणि मोहल्ल्याच्या सूचना एकमेकांत गुंतलेल्या आहेत. म्हणून या आठवड्यात थोडे या फळ्याविषयी.

चांद आणि बाजार

आपल्या बाजाराचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते चांदावर चालते. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा पुढे सरकून लवकर येतो. ईद-उल-फित्र २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला झाली. मागच्या वर्षीची वही उघडून त्याच तारखेला कापड भरणारा दुकानदार या हिशेबात चुकतो. शिंपी मंडळी मात्र चुकत नाहीत. रमजानचा दुसरा आठवडा लागला की अनेकांच्या दारावर "ऑर्डर बंद" अशी पाटी लागते. ती पाटीही सूचनाच आहे. ती लागण्यापूर्वी अस्तर, बटणे आणि धागा पुरवणाऱ्याने आपला माल पोहोचवला पाहिजे.

भेंडी बाजारात आणखी एक बारकावा आहे. दाऊदी बोहरा जमातीची मिसरी दिनदर्शिका गणिताने चालते, इतरांची तारीख चांद दिसण्यावर ठरते. त्यामुळे दोहोंत एक-दोन दिवसांचा फरक पडतो. मोहर्रमच्या पहिल्या दहा दिवसांत बोहरा व्यापारी वाअजसाठी दुकाने बंद ठेवतात. बाहेरगावचा गिऱ्हाईक हे न पाहता आला तर भाडे खर्चून बंद शटर पाहून परत जातो. जवळच्या चोर बाजारात शुक्रवारी पहाटेपासून जुमा बाजार भरतो आणि नेहमीची बरीच दुकाने त्या दिवशी बंद असतात. बाहेरच्या व्यापाऱ्यांना माल पाठवणाऱ्यांनी सुट्ट्यांचा कागद आधीच धाडावा. एका टपालाच्या खर्चात ओळख टिकते.

भिंतीवरची नोटीस

आता त्या कागदाविषयी, ज्याकडे दुर्लक्ष केले तर नुसता धंदा नव्हे, जीव जातो. या पट्ट्यात १९४० पूर्वीच्या अनेक उपकरप्राप्त इमारती आहेत. खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाडे, अशी त्यांची रचना. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. त्या दिवसाची आठवण या भागातील प्रत्येक जिन्याला आहे.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. महापालिकाही आपल्या अधिकारात धोकादायक इमारतींना नोटीस देते. पालिकेच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे इमारत राहण्यास अयोग्य, ती रिकामी करायची. 'सी-२' म्हणजे दुरुस्ती करून टिकणारी. 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

नोटीस लागली की दुकानदार घाबरतो, कारण जागा सोडली तर गिऱ्हाईक तुटेल आणि हक्कही जाईल असे त्याला वाटते. ही भीती खोटी नाही. पण म्हणून नोटीस फाडून टाकणे हा उपाय नव्हे. नोटिशीचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवा. भाडेपावत्या, दुकानाची नोंदणी, विजेची बिले यांच्या दोन-दोन प्रती करा आणि एक संच दुसऱ्या इमारतीत, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. जागा सोडण्यापूर्वी आपल्या गाळ्याचे मोजमाप अधिकाऱ्यांकडून नोंदवून घ्या व त्याची प्रत मागा. मोजमाप कागदावर असेल तर उद्या पुनर्विकासात आपला हक्क सांगणे सोपे जाते.

पुनर्विकास हा काही कल्पनेतला विषय राहिलेला नाही. २००९ साली स्थापन झालेल्या सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने भेंडी बाजारातील सुमारे साडेसोळा एकर जागेचा प्रकल्प हाती घेतला. त्यात सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने येतात. एवढ्या मोठ्या कामात कागद पुरा असलेला आणि कागद नसलेला, या दोघांची वाट सारखी नसते.

हातगाडीवाल्याचा कागद

मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानच्या रात्री जी रौनक असते, तिच्यातील बरेच जण पदपथावर पोट भरणारे. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. तो पुढील गोष्टी सांगतो :

• पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण निदान पाच वर्षांतून एकदा झाले पाहिजे. सर्वेक्षणाची सूचना वाचून त्या दिवशी गाडीवर हजर राहणे आपले काम.

• नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला.

• जागेवरून हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस दिली पाहिजे.

• माल जप्त केला तर त्याची सही केलेली यादी मिळाली पाहिजे. मागणी केल्यावर टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करण्याची तरतूद आहे.

यादी मागणाऱ्याच्या हाती दाद मागण्याचा आधार असतो. न मागणाऱ्याच्या हाती नशीब.

कारागिरांसाठी

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी, सुतार, लोहार, कुलूप दुरुस्त करणारे, सोनार, न्हावी, गवंडी, चर्मकार, टोपल्या व चटया विणणारे असे आपल्या मोहल्ल्यात रोज दिसणारे हात आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज, अशी तिची रचना आहे. व्याज नको म्हणणाऱ्यांसाठीही प्रशिक्षण आणि अवजारांची मदत आहेच, कर्ज घेण्याची सक्ती नाही. जरीकाम या यादीत स्वतंत्रपणे नाही, हे जरी कारखानदारांनी लक्षात घ्यावे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात विनामूल्य होते. "फॉर्म भरून देतो, इतके द्या" असे म्हणणाऱ्या दलालापासून सावध राहा.

फळा कसा असावा

येथवर दुकानदार आणि कारागिरांचे सांगितले. आता दोन शब्द जमातीच्या विश्वस्तांना आणि मोहल्ला कमिटीच्या कार्यकर्त्यांना.

सूचनेत पाच गोष्टी हव्यात : काय आहे, कोणासाठी आहे, कोठे जायचे, कोणते कागद न्यायचे आणि शेवटची तारीख. तारीख सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरात. सूचना मराठी आणि उर्दू अशा दोन्ही लिपींत लिहावी. मुदत संपलेला कागद त्याच दिवशी काढावा, कारण जुन्या कागदांच्या गर्दीत नवा कागद हरवतो. मोबाइलवर येणारे निरोप उपयोगी खरे, पण त्यांत वर्ष लिहिलेले नसते. दोन वर्षांपूर्वीचे शिबिर आजचे समजून माणसे रोजी बुडवून रांगेत उभी राहतात.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. मोहल्ल्यात घरी बसून फॉल-पिको करणाऱ्या, मणी ओवणाऱ्या, मशीन चालवणाऱ्या असंख्य भगिनी आहेत. मशिदीच्या दारातील फळा त्यांच्या नजरेस कधी पडत नाही. त्याच कागदाची एक प्रत किराणा दुकानात, एक दवाखान्यात, एक शाळेच्या फाटकावर लावली तर खर्च किती? चार प्रतींचा. कारखान्यातही जेवणाच्या सुट्टीत एखाद्या शिकलेल्या मुलाने सूचना मोठ्याने वाचून दाखवावी. ज्याला अक्षर येत नाही त्याचाही त्या योजनेवर तेवढाच हक्क आहे.

पुढच्या जुम्याला चपला पायात घालण्यापूर्वी दोन मिनिटे फळ्यासमोर उभे राहा. आपल्या कामाचे काही नसेल तर शेजारच्या गाळ्यातील भावाच्या कामाचे असेल. दुकानात पोहोचल्यावर त्याला तेवढे सांगा.