परसबागेतील हरळीचे निर्मूलन

हरळी (हराळी, दूर्वा) हे जमिनीलगत पसरणारे बहुवर्षायू गवत असून त्याचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन आहे. गणेशपूजेत दूर्वेला मानाचे स्थान असले, तरी भाजीपाल्याच्या वाफ्यात ती चिवट तण ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी परिसरासारख्या काळ्या जमिनीच्या भागात एकदा मुरलेली हरळी केवळ खुरपणीने नाहीशी होत नाही.

चिवटपणाची कारणे

हरळी जमिनीवर धावत्या खोडांनी, तर जमिनीखाली मूलक्षोडांनी पसरते. मूलक्षोडात अन्नसाठा असतो आणि त्याच्या पेरांवर डोळे असतात. त्यामुळे वरचे गवत कापले तरी ती पुन्हा फुटते. ओल्या मातीत खणताना मूलक्षोडाचे तुकडे झाल्यास डोळा असलेल्या तुकड्यापासून नवे रोप तयार होऊ शकते. मात्र तिला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती दुबळी होते.

निर्मूलनाच्या पद्धती

उन्हाळी खणणी: जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. या काळात कुदळीने वा सब्बलीने ढेकळे उलथून तापू दिल्यास उघडी पडलेली मूलक्षोडे सुकतात. नंतर ढेकळे फोडून ती वेचली जातात. पूर्ण न वाळलेली मूलक्षोडे खतखड्ड्यात टाकल्यास तेथेही रुजू शकतात.

माती तापवणे: माती ओलावून त्यावर पारदर्शक पॉलिथिन अंथरतात, कडा मातीने बुजवतात व ४ ते ६ आठवडे ठेवतात. खोलवरची मूलक्षोडे यातून वाचू शकतात.

आच्छादन: पुठ्ठे वा गोणपाट आणि त्यावर काडीकचऱ्याचा जाड थर दिल्यास प्रकाश अडतो.

कोणतीही पद्धत वापरली, तरी पावसाळ्यात येणारे फुटवे वारंवार काढावे लागतात; अन्यथा मूलक्षोडातील साठा पुन्हा भरतो.

तणनाशकांचा वापर

ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून मूलक्षोडापर्यंत पोहोचते, परंतु फवारा उडाल्यास बागेतील इतर झाडेही मरतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती रसायने तणनाशकांहून वेगळी होती. तथापि संरक्षक साधनांविना फवारणी करण्याचा धोका त्या घटनेने अधोरेखित केला. परसबागेच्या लहान क्षेत्रात खणणी व आच्छादन हे अधिक सुरक्षित पर्याय आहेत.