गोलरक्षक

हँडबॉल हा हातांनी खेळावयाचा अत्यंत वेगवान खेळ होय. ४० मीटर लांब व २० मीटर रुंद अशा क्रीडांगणावर प्रत्येकी सात खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन डावांत जो संघ प्रतिपक्षाच्या गोलात अधिक वेळा चेंडू टाकील, तो विजयी होतो. सातांपैकी सहा खेळाडू क्रीडांगणभर धावत असतात. सातवा मात्र तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच अशा चौकटीसमोर उभा राहून तिचे रक्षण करतो. हाच गोलरक्षक. गोलापासून सहा मीटरांवर एक रेषा आखलेली असते. तिच्या आतील भूमीवर त्याच्याखेरीज कोणासही पाऊल ठेवता येत नाही. म्हणून चढाई करणारा खेळाडू रेषेबाहेरून उंच उडी घेतो आणि पाय जमिनीला लागण्यापूर्वीच चेंडू फेकतो.

कसलेल्या खेळाडूने फेकलेला चेंडू ताशी १०० किलोमीटरांहूनही अधिक वेगाने येतो. त्या वेगाने नऊ मीटरांचे अंतर तोडण्यास त्याला सेकंदाचा सुमारे तिसरा भाग पुरतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला शरीराने प्रतिसाद देण्यातच सेकंदाचा जवळजवळ पाचवा भाग निघून जातो. उरलेल्या निमिषात हात किंवा पाय चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत न्यावयाचा असतो! अर्थात, चेंडू सुटल्यावर हालचाल करू म्हणणारा बहुधा उशिराच पोहोचतो. चेंडू कोठे येणार हे गोलरक्षकाने तो सुटण्यापूर्वीच ताडले पाहिजे.

हे ताडावयाचे कसे? नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकत्र येतात. तेथे वाहनांची सदैव वर्दळ असते. रस्ता ओलांडणारा जाणता मनुष्य वाहन अंगाशी येईपर्यंत थांबत नाही. पुढची चाके कोणीकडे वळू लागली, वेग वाढला की मंदावला, हे पाहून वाहन कोठे जाणार हे तो आधीच ओळखतो. गोलरक्षकही समोरच्या खेळाडूचा खांदा, कोपर आणि मनगट यांवरून चेंडूची दिशा ओळखतो. ही दृष्टी एका दिवसात येत नाही. सहस्रावधी फेकी अंगावर घेतल्यानंतरच ती लाभते.

गोलरक्षक पुष्कळदा गोल सोडून पुढे येतो. यातही एक युक्ती आहे. दिव्याच्या जितका जवळ हात धरावा, तितकी भिंतीवर त्याची सावली मोठी पडते. चेंडू फेकणारा हा जणू दिवा आणि मागची चौकट ही भिंत. गोलरक्षक जितका पुढे सरकेल, तितकी चौकट त्याच्या देहाआड झाकली जाते. परंतु फार पुढे गेल्यास चतुर खेळाडू त्याच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकतो. केव्हा पुढे जावे व केव्हा थांबावे, हे ओळखण्यातच त्याचे खरे कौशल्य आहे.

आपल्या क्षेत्रात त्याला हातांप्रमाणे पायांनीही चेंडू अडविता येतो. तो हातमोजे घालत नाही. अडविलेला चेंडू त्याला त्याच क्षणी, पुढे धावणाऱ्या सोबत्याकडे अचूक फेकावयाचा असतो. अशा रीतीने रक्षण संपते तेथूनच चढाई सुरू होते.

इतके करूनही दहा फेकींपैकी तीन-चार अडविणारा गोलरक्षक उत्तम समजला जातो! म्हणजे उत्तम गोलरक्षकही अडविण्यापेक्षा चुकतोच अधिक वेळा. गेलेल्या चेंडूचे दुःख करीत बसल्यास पुढचाही चेंडू जातो. म्हणून प्रत्येक गोलानंतर मन स्वच्छ करून त्याला पुन्हा उभे राहावे लागते.

युरोपात हँडबॉल हा अनेकांचा व्यवसाय आहे. निरनिराळ्या शहरांचे संघ खेळाडूंशी ठराविक वर्षांचा करार करून त्यांना वेतन देतात. फ्रान्सचे तिएरी ओमेयर हे अशाच व्यावसायिक गोलरक्षकांपैकी एक. त्यांचा जन्म १९७६ साली म्युलूझ या गावी झाला. २००१ साली फ्रान्सने जागतिक विजेतेपद मिळविले, तेव्हा ओमेयर संघात होते. पण मुख्य गोलरक्षक ब्रुनो मार्तिनी हे होते. ओमेयर यांनी धीर धरला, सराव सोडला नाही. पुढे फ्रान्सच्या गोलाचे रक्षण त्यांच्याकडे आले. बीजिंग येथे २००८ साली आणि लंडन येथे २०१२ साली त्यांच्या संघाने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. २००८ सालचे जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणूनही त्यांची निवड झाली. माँपेल्ये, जर्मनीतील कील आणि पॅरिस येथील संघांकडून ते खेळले आणि २०१९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाले. वयाबरोबर पायांतील चपळाई उणावते. पण समोरच्याला ओळखण्याची दृष्टी वाढत जाते. म्हणून गोलरक्षक बहुधा इतरांपेक्षा अधिक काळ खेळतो.

लंडनच्या त्या अंतिम सामन्यात फ्रान्सने स्वीडनवर २२ विरुद्ध २१ असा विजय मिळविला. विजेत्यांच्या गोलातही एकवीस वेळा चेंडू गेला होता! आणखी एक जरी गेला असता, तरी सामना बरोबरीत आला असता.

भारतात व्यावसायिक हँडबॉल अजून बाल्यावस्थेत आहे. २०२३ साली जयपूर येथे प्रीमियर हँडबॉल लीग ही सहा संघांची स्पर्धा प्रथमच भरली आणि तीत ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ हा संघ विजयी झाला. त्यामुळे या खेळात नाव मिळविण्याची एक नवी वाट मुलांना दिसू लागली.

शाळेच्या मैदानावर ज्याला धावता येत नाही, त्याला गोलात उभे करण्याची चाल आहे. वस्तुतः त्या जागी सर्वांत धीराचा खेळाडू हवा. गोल झाला की सर्वांच्या नजरा त्याच्याकडेच वळतात. आणि तो मात्र जाळ्यातील चेंडू उचलून सोबत्याकडे फेकतो व पुढच्या फेकीसाठी सज्ज होतो.