पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का?

अमेरिकेतलं शिक्षण म्हटलं की आपल्याला हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड ही नावं आठवतात. पण त्या देशात पदवीच्या वाटेला लागणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग वेगळ्याच दारातून आत येतो. त्या दाराचं नाव कम्युनिटी कॉलेज. इलिनॉय राज्यातलं जोलिएट इथलं कॉलेज १९०१ साली सुरू झालं. आज चालू असलेल्या अशा सरकारी कॉलेजांपैकी ते सर्वांत जुनं मानलं जातं. आता देशभरात अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. फी तुलनेनं कमी, प्रवेशाला गुणांची अट सहसा नाही. इथली दोन वर्षं पुरी केली की विद्यापीठात पुढच्या वर्गात जाता येतं. त्यामुळे दिवसभर दुकानात राबून संध्याकाळी येणारी आई, सैन्यातून परतलेला जवान, नुकताच देशात आलेला निर्वासित आणि कालच शाळेतून बाहेर पडलेला मुलगा असे सगळे एकाच वर्गात भेटतात.

या कॉलेजात बहुतेकांची गाठ ज्या विभागाशी पडते, तो म्हणजे इंग्रजी विभाग. पदवी कशाचीही घ्यायची असो, पहिल्या वर्षाचं इंग्रजी साधारणपणे सक्तीचं असतं. आणि हे इंग्रजी म्हणजे नेमलेले धडे आणि त्यावरची प्रश्नोत्तरं नव्हेत. तिथे भर असतो लिहिण्यावर. एखादा लेख वाचायचा, त्यातलं म्हणणं तपासायचं, आपलं मत पुराव्यानिशी मांडायचं, शिक्षकांनी खुणा केल्या की पुन्हा लिहायचं. विभागाच्या जोडीला बहुधा लेखन केंद्र असतं. तिथे विद्यार्थी आपला कच्चा खर्डा घेऊन जातो आणि समोर बसलेल्या मार्गदर्शकाशी त्यावर बोलतो.

अडचण होती ती या वर्गात शिरण्याची. प्रवेशाच्या वेळी संगणकावर एक छोटी परीक्षा घेतली जाई. तिच्यात कमी पडलेल्याला सांगितलं जाई, ‘आधी पूर्वतयारीचे वर्ग करा.’ असा एक वर्ग असे, कुठे दोन, कुठे तीन-चारही. त्यांची फी भरावी लागे, पण ते पदवीसाठी धरले जात नसत.

हेतू चांगलाच होता. पाया कच्चा असेल तर आधी पाया भरावा, यात चूक काय? पण जरा हिशेब मांडून पाहू. समजा, शंभर विद्यार्थी पहिल्या तयारीच्या वर्गात बसले. प्रत्येक वर्गात शेकडा ८० पास झाले आणि पास झालेल्यांपैकी शेकडा ९० जणांनी पुढच्या वर्गात नाव घातलं. आकडे वाईट नाहीत. पहिल्या वर्गातून ८० पास, दुसऱ्यात ७२ दाखल. तिथून ५८ पास, मुख्य इंग्रजीत ५२ दाखल. आणि शेवटी पास होतात ते जेमतेम ४१. कोणताही एक वर्ग नापासांचा कारखाना नव्हता. गळती होती ती पायऱ्यांच्या संख्येतच. मधल्या काळात कुणाच्या कामाची पाळी बदलते, कुणाच्या घरी आजारपण येतं, आणि एक सत्र सुटलं की बरेच जण परतत नाहीत.

बॉल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक पीटर ॲडम्स यांनी आपल्याच विभागातल्या विद्यार्थ्यांचा असा माग काढला. मग २००७ मध्ये तिथे वेगळा प्रयोग सुरू झाला. वीस जणांच्या नेहमीच्या वर्गात परीक्षेत कमी पडलेले आठ विद्यार्थी थेट बसवले. तास संपला की त्या आठ जणांनाच तेच शिक्षक आणखी एक तास देत. पुढच्या निबंधाची तयारी, चुकलेली वाक्यं, अगदी घरच्या अडचणीसुद्धा तिथे बोलल्या जात. म्हणजे मदत काढून घेतली नाही, तिची जागा बदलली. मुख्य अभ्यासाच्या आधी मिळणारी मदत आता अभ्यासासोबत मिळू लागली. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रयोग तपासला, तेव्हा जुन्या वाटेनं जाणाऱ्यांपेक्षा हे विद्यार्थी मुख्य इंग्रजी पास होण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं.

दुसरा प्रश्न खुद्द त्या परीक्षेचा. जूडिथ स्कॉट-क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज काढला की इंग्रजीत या परीक्षेमुळे तिघांपैकी एक विद्यार्थी अगदी चुकीच्या वर्गात जातो. त्यातही झेपेल त्यापेक्षा खालच्या वर्गात पाठवलेले अधिक. तास-दीड तासाच्या परीक्षेपेक्षा शाळेतल्या चार वर्षांची गुणपत्रिका जास्त खरं बोलते, असं दिसून आलं. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदाच केला. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांना आता शाळेतली कामगिरी पाहून वर्ग ठरवावा लागतो, आणि विद्यार्थी वर्षभरात मुख्य इंग्रजी पुरं करील अशी जास्तीत जास्त शक्यता राहील हे पाहावं लागतं.

मग सगळं सुरळीत झालं का? तसं नाही. पास होणारे वाढले, तसे थेट मुख्य वर्गात बसून नापास होणारेही दिसू लागले. खूपच मागे असलेल्यांचं काय, ही शिक्षकांची काळजी रास्त आहे. शिवाय या विभागांमध्ये तासांवर नेमलेले शिक्षक फार. ते एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतात. वहीतल्या प्रत्येक पानावर खुणा करायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणीतरी पगारात धरावा लागतो. जोडतास नुसता वेळापत्रकात दाखवून भागत नाही.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी अशा विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध अभ्यासून १९७७ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं. या चुका आळसाच्या किंवा मंद बुद्धीच्या नसतात, त्यांच्यामागे विचार असतो आणि तो शिक्षकानं ओळखायचा असतो, असं त्यांनी दाखवलं. मराठी माध्यमातून अकरावीला इंग्रजीत विज्ञान शिकायला बसलेल्या आपल्या मुलांनाही हे लागू पडतं. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं आपण म्हणतोच. फक्त पाण्यात उतरवल्यावर शेजारी हात धरणारं कुणीतरी हवं. काठावर वर्षभर हातपाय हलवायला लावून पोहणं येत नाही, आणि एकट्याला खोल पाण्यात ढकलूनही येत नाही.