हरित तंत्रज्ञानात पैसा गुंतवताना घ्यावयाची दक्षता

झाडे लावून थोड्या वर्षांत पैसा अनेक पटींनी वाढवून देण्याच्या जाहिराती १९९० नंतरच्या काळात पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून सर्रास येत असत. जमीन खेड्यातली, पैसा शहरातील नोकरदारांचा आणि योजना एखाद्या नव्या कंपनीची, असा हा व्यवहार असे. पुढे त्यांतील बऱ्याच योजना बंद पडल्या. आज सागाच्या जागी बांबू, महोगनी, चंदन व कार्बन क्रेडिट ही नावे ऐकू येतात. अशा कंपन्यांकडे गुंतवणूकदार संशयाने का पाहतो, हे शेतकरी बंधूंनी समजून घेणे आवश्यक आहे. कारण शेतकरी हाही गुंतवणूकदारच आहे. शहरातील माणूस केवळ पैसा गुंतवतो. शेतकरी जमीन, पाणी आणि आयुष्याची दहा-वीस वर्षे गुंतवतो.

सागाच्या योजनांचा अनुभव

या योजनांमागील विज्ञान खोटे नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास निवडक सागवृक्षांपासून ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करण्याचे काम झाले. या पद्धतीने चांगल्या झाडाच्या गुणधर्मांची एकसारखी रोपे मिळतात. परंतु रोप चांगले असले तरी जमीन, पाणी व काळ यांची गरज कमी होत नाही. सागाला निचऱ्याची जमीन लागते. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत तो नीट वाढत नाही. जंगलातील सागाची तोड साधारणपणे ६० ते ८० वर्षांनी करतात. कंपन्यांनी ‘ऊतिसंवर्धित’ हा शब्द घेतला आणि त्याला २० वर्षांतील हमखास परताव्याचे आश्वासन जोडले. पहिली गोष्ट सिद्ध झालेली होती, दुसरी नव्हती.

साधे गणित करून पाहू. २ × २ मीटर अंतरावर एकरी सुमारे १००० झाडे बसतात. समजा, कंपनीने प्रत्येक झाड एकेका गुंतवणूकदाराला विकले. परंतु साग जाड व्हायचा तर विरळणी करावीच लागते आणि तीत निम्म्याहून अधिक झाडे काढली जातात. मग ज्यांचे झाड विरळणीत गेले त्यांना काय मिळणार?

लाकडाचेही तसेच आहे. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व १२.५७ ने भागावे, म्हणजे गोल लाकडाचे घनफळ मिळते. ६० सेंटिमीटर सरासरी घेर व ४ मीटर सरळ बुंधा असलेल्या झाडात सालीसह सुमारे ४ घनफूट लाकूड असते. तेवढ्याच बुंध्यात १५ घनफूट हवे असेल तर घेर सुमारे ११५ सेंटिमीटर लागेल. शिवाय कोवळ्या सागात पांढरे लाकूड जास्त व पक्के गाभ्याचे लाकूड कमी असल्याने भावही कमी मिळतो.

परताव्याचीही पडताळणी करता येते. १००० रुपयांचे २० वर्षांत ५०,००० रुपये देतो असे कोणी म्हटले, तर ते दरसाल सुमारे २१.६ टक्के चक्रवाढ व्याज झाले. १२ टक्के दराने त्याच रकमेचे सुमारे ९,६५० रुपये होतात. वरचा फरक झाड देणार की नंतर येणाऱ्या गुंतवणूकदाराचा पैसा, हा खरा प्रश्न आहे.

सन १९९८ मध्ये चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स ही कंपनी कोसळली. त्यानंतर भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. त्यांनुसार नोंदणी व पतमापन आवश्यक असून हमखास परताव्याचे आश्वासन देण्यास मनाई आहे. तरीही असे प्रकार थांबले नाहीत. पुण्यातून चालणाऱ्या समृद्ध जीवन फूड्स इंडिया या कंपनीला शेळ्या व जनावरांच्या पालनासाठी लोकांकडून नवा पैसा गोळा करण्यास सेबीने २०१३ मध्ये मनाई केली.

मोगली एरंडाचा अनुभव

दुसरे उदाहरण जैवइंधनाचे आहे. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट सुचविले व त्यासाठी सुमारे ११२ लाख हेक्टरवर मोगली एरंड म्हणजे जट्रोफा लावण्याचा अंदाज मांडला. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय भरघोस उत्पादन देणारे झाड अशी त्याची प्रसिद्धी झाली. लंडनच्या बाजारात २००४ मध्ये शेअर विकून उभी राहिलेली डी-१ ऑइल्स ही छोटी कंपनी भारतातही लागवडीसाठी आली. बीपी ही बलाढ्य तेल कंपनी २००७ मध्ये तिची भागीदार झाली आणि २००९ मध्ये बाहेरही पडली.

चूक कोठे झाली? हे झाड पडीक जमिनीत जगते, पण जगणे आणि उत्पादन देणे यांत फरक आहे. निवडक, एकसारखे वाण तयार होण्याआधीच मोठी लागवड झाली. पुष्कळ ठिकाणी कोरडवाहू जमिनीत हेक्टरी १ टनही बी मिळाले नाही. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने तोडणीला वारंवार मजूर लागतात. बी विषारी असल्याने पेंड जनावरांना चालत नाही. वास्तविक महाराष्ट्राला हा धडा आधीच मिळाला होता. नाशिक भागात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वनशेतीतून मोगली एरंडाची लागवड झाली होती. परंतु अपेक्षित उत्पादन व बाजार न मिळाल्याने ती टिकली नाही.

नवे सगळेच फसवे असते असा याचा अर्थ नाही. पुण्याच्या आरती या संस्थेने स्वयंपाकघरातील उरलेल्या पिष्टमय पदार्थांवर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले. त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यात किती अन्न टाकले व किती वेळ शेगडी चालली, हे घरच्या घरी मोजता येते. जे लवकर मोजता येते त्यावर विश्वास ठेवणे सोपे असते. ज्याचा निकाल २० वर्षांनी लागतो तेथे आधीच अधिक पुरावा मागितला पाहिजे.

करार करण्यापूर्वी तपासावयाच्या बाबी

१. आपल्यासारखी जमीन व पाऊस असलेल्या ठिकाणी निदान एक पूर्ण पीकचक्र झालेला प्लॉट प्रत्यक्ष पाहावा. कंपनीचा माणूस सोबत नसताना तेथील शेतकऱ्याशी बोलावे.

२. उत्पादनाचे आकडे कोणी मोजले ते विचारावे. ते कृषी विद्यापीठ वा संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना दाखवावेत.

३. कंपनीचे उत्पन्न कशातून येते ते पाहावे. माल विकण्यापेक्षा रोपे विकण्यात किंवा नवे सभासद करण्यातच तिचा नफा असेल तर दूर राहावे.

४. पुनर्खरेदीची हमी ही कंपनी टिकली तरच उपयोगी पडते. म्हणून कंपनी नसताना तोच माल आज कोणत्या बाजारात, कोणत्या भावाने विकला जातो याची चौकशी करावी.

५. लोकांकडून पैसा गोळा केला जात असेल तर सेबीची नोंदणी तपासावी. कंपनी म्हणून झालेली नोंदणी म्हणजे पैसा गोळा करण्याची परवानगी नव्हे.

६. कार्बन क्रेडिटच्या करारात मोजणीचा खर्च कोणाचा, शेतकऱ्याचा वाटा किती, मुदत किती वर्षांची आणि मध्येच झाड तोडल्यास काय, हे मराठीत लिहून घ्यावे.

७. सुरुवातीला थोड्याच क्षेत्रावर लागवड करावी. कर्ज काढून किंवा घरचे धान्याचे क्षेत्र मोडून प्रयोग करू नये.

फसवणूक झाल्यास पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार करावी. ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. परंतु कायद्याने पैसा मिळेपर्यंत बराच काळ जातो आणि गेलेले हंगाम तर परत मिळतच नाहीत.

बी घेताना आपण उगवणशक्ती तपासतो, बैल घेताना दात पाहतो. तेव्हा कंपनीला प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. खरे तंत्रज्ञान आणणारा माणूस प्रश्नांना कंटाळत नाही; तो आपला प्लॉट दाखवतो. जो घाई करतो व आजच सही मागतो, त्याला पुढच्या हंगामात या असे सांगावे.