हसू आपलं, माइकही आपला

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधून मी, तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय. एरवी आपण हप्ते, कर्ज आणि हिशेबाच्या वह्यांवर बोलतो. आजचा विषय आहे स्टँड-अप कॉमेडी. नाव इंग्रजी आहे, पण काम साधं आहे. एकटीने माइकसमोर उभं राहायचं, स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगायच्या आणि समोरच्यांना हसवायचं. यात नाटक नाही, मेकअप नाही, सोबतीला दुसरं पात्र नाही. मोबाइलवर असे कार्यक्रम बघून बऱ्याच जणींच्या मनात येतं, ‘हे आपल्याला जमेल का?’ जमेल. कसं जमवायचं आणि काय सांभाळायचं, ते आज सांगते.

आधी एक लक्षात घ्या. बाईने हसवणं आपल्याकडे नवीन नाही. भोंडल्याच्या गाण्यांत सासू, नणंद, दीर सगळ्यांची फिरकी घेतलेली असते. मंगळागौरीच्या खेळात, उखाण्यात, जात्यावरच्या ओवीतही चिमटे असतात. पण हे सगळं अंगणात, बायकाबायकांत. मंडपात किंवा फडावर गोष्ट वेगळी होती. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली. त्यातल्या एका भारुडात सून भवानीआईला नवस बोलते आणि सासरच्या एकेका माणसापासून सुटका मागते. त्यामागे अध्यात्माचा अर्थ आहे, पण लोक हसतात ते सुनेच्या गाऱ्हाण्यावर. ते गाऱ्हाणं पुष्कळदा साडी नेसलेला पुरुषच सादर करायचा. तमाशाच्या गवळणीतली मावशीसुद्धा परंपरेने पुरुषच. म्हणजे विनोद बाईचा, पण चारचौघांत बोलणारं तोंड दुसऱ्याचं. स्टँड-अपमध्ये ते तोंड आपलं असतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे दीपिका म्हात्रे. त्या नालासोपाऱ्याला राहायच्या, लोकलच्या डब्यात इमिटेशनचे दागिने विकायच्या आणि मग मालाडला घरोघरी स्वयंपाक-कामाला जायच्या. घरकाम करणाऱ्या बायकांच्या एका कार्यक्रमात त्यांनी लोकांना हसवलं. पुढे विनोदी कलाकार अदिती मित्तल यांची त्यांना मदत झाली. २०१८ साली त्यांचं नाव वर्तमानपत्रांतून देशभर आणि परदेशातही पोचलं. त्या बोलायच्या कशावर? कामवालीसाठी वेगळी लिफ्ट, वेगळी भांडी, आणि तरीही तिच्या हातची पोळी मात्र सगळ्यांना चालते, यावर. ही गोष्ट हजारो बायकांना ठाऊक होती. दीपिकाताईंनी ती माइकवर सांगितली आणि ऐकणाऱ्यांत मॅडम लोकही होते.

आता विनोद बनतो कसा, ते बघू. मी एक रचून सांगते.

‘बँकेतले साहेब म्हणाले, ताई, कर्ज हवं असेल तर मिस्टरांना घेऊन या. मी म्हटलं, साहेब, तारण म्हणून ठेवणार असाल तर आणते. फक्त हप्ते फिटल्यावर परत देऊ नका.’

यात दोन भाग आहेत. पहिल्या भागात ऐकणारीला वाटतं, ही नेहमीची तक्रार. दुसऱ्या भागात गाडी अचानक वळते. त्या वळणावर हसू येतं. म्हणून वळणाचे शब्द अगदी शेवटी ठेवायचे. हाच विनोद उलटा सांगून बघा: ‘नवरा परत देऊ नका, असं मी साहेबांना म्हटलं, कारण ते त्याला घेऊन या म्हणाले होते.’ कुणी हसणार नाही. शेवटच्या शब्दानंतर लगेच पुढे बोलायचंही नाही. थांबायचं. समोरच्यांना हसायला जागा द्यायची.

विषय शोधायला लांब जाऊ नका. एक छोटी वही करा. पाण्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, बैठकीत, लग्नाच्या पंगतीत जे खटकलं किंवा ज्याने राग आला, ते एका ओळीत लिहा. राग आला तिथे बहुतेक वेळा विनोद लपलेला असतो. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा. आठवड्याने ऐका. तेव्हाही ज्यावर हसू येईल तेवढंच ठेवा.

सुरुवातीला पाच मिनिटांचं बोलणं पुरे. पाच मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, उभं राहिल्यावर खूप मोठी होतात. आधी दोघी-तिघी मैत्रिणींसमोर सांगा. मग मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर सांगा. मग हळदीकुंकू किंवा आठ मार्चचा मेळावा. दर वेळी फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि हसू कुठे आलं, कुठे नाही, ते मोजा. जिथे तीनदा हसू आलं नाही ते वाक्य काढून टाका, कितीही आवडतं असलं तरी. आणि आपल्या बोलीत बोला. आगरी, कुणबी, वऱ्हाडी, घरात जी असेल ती. पुस्तकी मराठीत चिमटा बसत नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी. पहिली म्हणजे विनोद कुणावर करायचा. आमच्या गावाचंच बघा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली, म्हणून पत्त्यात आजही ‘कॅम्प’ आहे. १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या माणसांनी शून्यातून धंदे उभे केले. बाहेरच्यांनी विनोद केला, की इथल्या मालावर ‘यू.एस.ए.’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. बाहेरचा माणूस हे सांगतो तेव्हा टोमणा होतो. इथला दुकानदार गल्ल्यावर बसून स्वतःच सांगतो तेव्हा गिऱ्हाईकही मोकळं हसतं. शब्द तेच, तोंड बदललं. म्हणून आपल्यापेक्षा जिची बाजू पडती आहे, तिच्यावर विनोद नको. कुणाचा रंग, जात, अंगकाठी, मूलबाळ नसणं, विधवा असणं यावर तर नकोच.

दुसरी गोष्ट आपल्या गटांसाठी सगळ्यांत महत्त्वाची. बैठकीत बायका मन मोकळं करतात. कुणाचा हप्ता का थकला, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या अंगावर वळ आहेत. हे आपल्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं असतं. नाव बदलून सांगितलं तरी गावात दहा मिनिटांत कळतं कोण ते. एका टाळीपायी ती बाई बैठकीला यायची बंद झाली, तर गटाचं जे मोडतं ते कुठल्या व्याजाने भरून येत नाही. दुसरीची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय माइकवर नाही, हा ठरावच करून ठेवा.

तिसरी गोष्ट घरची. सासू-नवऱ्यावर विनोद करणार असाल तर तो आधी घरात सांगून बघा. ही परवानगी मागणं नव्हे. दुसऱ्याच्या फोनवरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. पुष्कळ घरांत सासूच सर्वांत जास्त हसते. पण घरात मारहाण होत असेल, तर तिथे विनोदाने काम भागणार नाही. महिला हेल्पलाइन १८१ आहे, गट आहे, तिथे बोला. आणि कार्यक्रमाचा व्हिडिओ काढायचा की नाही, ग्रुपवर टाकायचा की नाही, हे आधीच ठरवा. एकदा गेलेला व्हिडिओ परत येत नाही.

गावात सराव झाला की शहरातले ‘ओपन माइक’ आहेत. तिथे नवख्यांना नाव नोंदवून चार-पाच मिनिटं मिळतात. वेळ संपली की मागून दिवा दाखवतात, मग थांबायचं. बऱ्याच ठिकाणी मानधन नसतं, उलट काही जण प्रवेशाचे पैसे घेतात. आधी फोनवर विचारून घ्या. कार्यक्रम बहुतेक रात्री आणि मुंबईत, म्हणून परतीची लोकल बघून, सोबतीण घेऊनच जा. यासाठी गटातून कर्ज काढू नका आणि महागड्या क्लासला पैसे भरू नका. हा रोजगार होईलच असं नाही.

मग करायचं कशाला? कारण जी बाई पाच मिनिटं पन्नास जणांसमोर स्वतःचं म्हणणं सांगते, लोकांना हसवते आणि खाली बसते, तिला ग्रामसभेत उठून पाण्याचा प्रश्न विचारणं जड जात नाही. बँकेत ‘मिस्टरांना आणा’ ऐकल्यावर ती गप्प बसत नाही.

तर पुढच्या बैठकीला एक काम. प्रत्येकीने या महिन्यात खटकलेली एक गोष्ट सांगायची, एका मिनिटात. हसू आलं तर उत्तम. नाही आलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा. कळवा मला काय झालं ते. नमस्कार.