समजून घ्या : कोल्हापूरकरांना कर्नाटक शेजारी वाटतं की प्रतिस्पर्धी?

कागल ओलांडलं की कोगनोळीचा टोलनाका येतो आणि पाट्या कन्नड होतात. कोल्हापूरपासून हे अंतर जेमतेम अर्ध्या तासाचं. त्यामुळे सीमाप्रश्न पेटला की पहिला चटका कोल्हापूरलाच बसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या बस कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासण्यात आलं. त्यानंतर आंतरराज्य बससेवा बंद ठेवावी लागली.

वाद मुळात काय?

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. १९६७ मध्ये महाजन आयोगाने निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं, असं सुचवलं. महाराष्ट्राला ते मान्य झालं नाही. २००४ मध्ये राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सध्या दावा ८६५ गावांवर आहे. या लढ्याचं नेतृत्व करणारे प्रा. एन. डी. पाटील कोल्हापुरातच राहत. कर्नाटकने २०१४ मध्ये ‘बेळगावी’ असं नामांतर केलं, तरी कोल्हापूरकर आजही ‘बेळगाव’च म्हणतात.

पाण्याची धास्ती का?

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कर्नाटककडे पाहण्याची नजर बदलली. अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या प्रयत्नांना कोल्हापूर, सांगलीत कडाडून विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्यानेच नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचं मुख्य कारण मानलं नव्हतं. पण ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांची शंका काही फिटलेली नाही.

मग रोजचं नातं कसं?

इथे चित्र उलटं दिसतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरचे भाविक एसटीच्या खास गाड्या करून कर्नाटकातल्या सौंदत्तीला यल्लम्मादेवीच्या दर्शनाला जातात. परतल्यावर शहरात ओढ्यावरच्या यल्लमाची आंबील यात्रा भरते. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तेही नेमकं या यात्रेच्या तोंडावर. तिकडचे भाविकही अंबाबाईला येतात. निपाणी, चिक्कोडीकडची माणसं उपचारांसाठी आणि खरेदीसाठी कोल्हापूर गाठतात. सोयरीक तर दोन्ही बाजूंना आहेच.

कोल्हापुरी चप्पल तरी कुणाची?

दोघांचीही! २०१९ मध्ये मिळालेलं जीआय मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. २०२५ मध्ये ‘प्राडा’ने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कारागिरांचा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता.

याचा अर्थ काय?

कोल्हापूरच्या मनात दोन कर्नाटक आहेत. एक बेंगळुरूतलं सरकार, ज्याच्यावर राग आहे. दुसरं निपाणीतली बहीण, सौंदत्तीची देवी आणि अथणीचा चप्पल कारागीर. पहिल्याशी भांडण झालं की दुसऱ्याची वाट बंद होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यालाही कर्नाटकने हरकत घेतली. दावा दोन दशकं न्यायालयात आहे. निकाल कधीही लागो, तोवर तणाव वाढला की बस आधी बंद होते. आणि तिची सर्वाधिक गरज असते ती सीमाभागातल्या मराठी माणसालाच.